भावाला ‘उधळ्या’ म्हणाले, दोन महिने तो बोललेला नाही

पत्र

नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे, भाऊ माझ्याहून ९ वर्षांनी लहान. बाबा गेले त्याला १४ महिने झाले. तेव्हापासून भावाच्या हातात पैसा म्हणून टिकत नाही. हप्त्यावर महागडा फोन घेतला. मित्रांना घेऊन फिरतो, सगळ्यांचं बिल हाच देतो. बाबांच्या वर्षाच्या महिनाभर आधी भाड्याच्या घराची अनामत भरायची म्हणून माझ्याकडून ४०,००० रुपये घेऊन गेला आणि तीन आठवड्यांत मित्रांबरोबरच्या सहलीचे फोटो टाकले. वर्षाच्या दिवशी सगळे नातेवाईक जमले असताना त्याने आईसाठी मागवलेली मोठी गुबगुबीत खुर्ची आली, पाय वर करून रेलता येतं तसली. ती टेम्पोतून उतरताना पाहिली आणि माझा तोल गेला. काका, मामा, आत्या, सगळ्यांदेखत मी म्हणाले, ‘उधळ्या आहेस तू. काही ताळतंत्र म्हणून राहिलेलं नाही. बाबांनी पै पै करून जमवलं आणि तू...’ तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी निघून गेला. दोन महिने माझा फोन उचलत नाही. आईशी बोलतो, पण माझं नाव निघालं की ठेवतो. आईने त्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. त्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल आईकडे आलं होतं, ते मी उघडून पाहिलं. ६०,००० रुपये बाकी आहेत आणि तो दर महिन्याला नुसती ‘मिनिमम’ रक्कम भरतोय. मी बोलले त्यात खोटं काय होतं? आणि चुकलं असेल, तर अशा वागण्याला म्हणायचं तरी काय?

– एक थोरली बहीण

उत्तर

बहुतेक पत्रांत शेवटी ‘आता मी काय करू?’ असं असतं. तुम्ही विचारलंत, ‘म्हणायचं तरी काय?’ मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून आज उत्तर लांबणार आहे. पैशावरून नाती तुटली असं सगळेच सांगतात, पण नीट विचारलं की दहांतल्या आठांना रक्कम आठवत नाही. शब्द मात्र काना-मात्रेसकट आठवतो. तुमचा भाऊसुद्धा आणखी वीस वर्षांनी खुर्ची केवढ्याला घेतली ते विसरलेला असेल. ‘उधळ्या’ विसरणार नाही.

तेव्हा आधी हा शब्दच हातात घेऊ.

गुलाल उधळतात, भंडारा उधळतात, पालखीवर फुलं उधळतात. तिथे या शब्दात नुसता आनंद आहे. तोच शब्द सभेला लागला की सभा मोडते, डावाला लागला की डाव फिसकटतो. ‘काय गुण उधळलेस?’ म्हटलं की ऐकणाऱ्याची मान खाली जाते, आणि कुणी मुक्ताफळं उधळली की बाकीचे कपाळाला हात लावतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. जे उधळलं ते नेमकं कुठे पडणार, हे उधळणाऱ्याने ठरवलेलं नसतं. गुलालाची मूठ वर जाते, ती कुणाच्या डोक्यावर उतरेल ते वाऱ्याच्या मनावर. पैशाला हा शब्द लावला की आरोप हाच असतो की तू मूठ उघडलीस आणि कुठे पडलं ते पाहिलंसुद्धा नाहीस.

आता ती खुर्ची आठवा. ती कुणासाठी घ्यायची हे त्याला पक्कं माहीत होतं. कोणत्या दिवशी यायला हवी, तेही त्याने ठरवलेलं दिसतं. तुमच्या पत्रात जेवढे खर्च आहेत त्यांत ‘उधळणे’ हा शब्द ज्याला सर्वांत कमी लागू पडतो, नेमका तोच खर्च दारात उभा असताना तुम्ही तो उच्चारलात. तुमचा राग खोटा नव्हता. तो ४०,००० रुपयांचा होता, सहलीच्या फोटोंचा होता. आधीची सगळी थकबाकी त्या खुर्चीच्या नावे पडली, एवढंच. पण ती खुर्ची त्याने आईसाठी आणली होती आणि वडिलांच्या दिवशी आणली होती. त्याला तुमचं वाक्य कसं ऐकू आलं असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

या क्रियापदाचा दुसरा वापर मला त्याहून मोलाचा वाटतो. बैल उधळतो, घोडा उधळतो. इथे कुणी काही फेकत नाही, जनावरच सुटतं. म्हणजे पैशाचा धरबंध सुटणं आणि जिवाचा धरबंध सुटणं, या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे. आणि ज्यांनी बैल राखलेत त्यांना विचारा, बैल दर वेळी माजलाय म्हणून उधळत नाही. पुष्कळदा तो बुजलेला असतो. कानाशी फटाका वाजतो, समोर एकदम छत्री उघडते, कधी न पाहिलेलं काहीतरी वाटेत आडवं येतं, आणि तो दावं तोडून धावत सुटतो. लांबून बघणाऱ्याला मस्ती दिसते. जवळ जाऊन मानेवर हात ठेवला तर कातडी थरथरत असते.

तुमच्या पत्रातला ‘तेव्हापासून’ हा शब्द मी पेनाने अधोरेखित केला. बाबा गेले तेव्हापासून. म्हणजे त्याआधी तो असा नव्हता. तुम्ही ते लिहून गेलात आणि पुढच्या ओळीला लागलात, मी मात्र तिथेच थांबले.

मी त्याला ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या मनात काय आहे हे मी ठामपणे सांगणार नाही. पण एक गोष्ट मी या सदराच्या पत्रांत वारंवार पाहिली आहे. घरातलं माणूस गेलं की एकाच घरातली दोन भावंडं दोन टोकांना जातात. एकाची मूठ आवळते, दुसऱ्याची सुटते. एकाला वाटतं, आता काहीही होऊ शकतं, राखून ठेवलं पाहिजे. दुसऱ्याला वाटतं, काहीही होऊ शकतं, मग राखायचं कशासाठी? भीती तीच. तुमच्या बाबांनी पै पै करून जमवलं, हे तुम्ही कौतुकाने म्हणालात. त्याच वाक्याने त्याच्या पोटात कालवलं असेल. मराठीत ‘खर्ची पडणे’ म्हणतात, पैसे खर्ची पडतात आणि लढाईत माणसंही खर्ची पडतात. ज्या मुलाने बापाला ‘पुढे करू, पुढे करू’ म्हणत संसारात खर्ची पडताना पाहिलं, त्याला आईसाठीची खुर्ची पुढच्या वर्षावर ढकलवली नसेल. आणि तुमचं काय चाललंय? संपूर्ण पत्रात तुम्ही गेल्या १४ महिन्यांत स्वतःसाठी काही घेतल्याची एक ओळ नाही. मला त्याचीही काळजी वाटली.

आता ‘उधळ्या’मधल्या त्या शेवटच्या ‘या’बद्दल. ‘तू पैसे उधळलेस’ म्हटलं तर त्यावर बोलता येतं. कुठले, कधी, किती, असं विचारता येतं, नाही उधळले म्हणता येतं. ‘तू उधळ्या आहेस’ म्हटलं की हिशेब मिटतो आणि माणसाच्या कपाळावर शिक्का बसतो.

हा शिक्का कसा काम करतो ते मी स्वतः भोगलंय. दुसरीत असताना मी माझ्या नव्या रंगीत खडूंची पेटी वर्गात वाटून टाकली. प्रत्येकाला एक खडू. घरी आले तेव्हा पेटीत फक्त पांढरा उरला होता, कारण तो कुणालाच नको होता. घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, ‘ही उधळी निघणार.’ त्यानंतर माझ्या हातून काहीही गेलं, हरवलं, सांडलं, तरी ‘उधळीच ती’. नोकरीला लागल्यावर पहिले तीन पगार महिन्याच्या वीस तारखेच्या आत संपले आणि कुणालाही नवल वाटलं नाही. मलाही नाही. कुणी म्हणालं, जरा लिहून ठेवत जा, तर मी म्हणायचे, मला कुठलं जमायला. त्या शब्दाने मला सुधारलं तर नाहीच, उलट परवानगी दिली. हिशेब न ठेवायची मुभाच होती ती. पुढे एका मैत्रिणीने ‘तू उधळी आहेस’ असं न म्हणता नुसतं विचारलं, ‘या महिन्यात कुठल्या खर्चाचं वाईट वाटलं?’ त्या प्रश्नाने मी पहिल्यांदा वही काढली.

म्हणून मी सुचवते, शब्द माणसाला लावू नका, खर्चाला लावा. आणि खर्चाला लावायला आपल्याकडे इतके शब्द आहेत की ते सगळे सोडून आपण एकाच शब्दावर का जगतो, हेच मला कळत नाही.

तुमच्या भावाचा एकेक खर्च घेऊ या.

फोन. ही चैन. हा शब्द मला फार जवळचा आहे, कारण ‘चैन करणे’ आणि ‘जिवाला चैन न पडणे’ यांत शब्द एकच आहे. पहिल्यात मौज, दुसऱ्यात स्वस्थता. जिवाला चैन नसते तेव्हा माणूस चैन विकत घ्यायला जातो, हे मराठी बोलणाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फोनला चैन म्हणा. त्यात शिवी नाही, आणि ‘ही चैन सध्या परवडते का?’ हा प्रश्न लगेच पुढे विचारता येतो. चंगळ म्हणू नका. एके काळी ‘आज चंगळ आहे बुवा’ हे हसून म्हणायचं वाक्य होतं, पण ‘चंगळवाद’ हा शब्द रुळल्यापासून त्याला भाषणाचा वास येतो.

मित्रांची बिलं. इथे मात्र थांबावं लागेल, कारण दोन शब्द शेजारी उभे आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. एक, सढळ हात. दुसरा, बडेजाव. मराठी माणूस खर्चाचा विचार खिशापेक्षा हाताने करतो. हात सढळ असतो, सैल असतो, आखडता असतो. हात राखून खर्च करतात, हात सोडून करतात. सढळ हात हे कौतुक आहे. त्यात समोरच्याची गरज पाहिलेली असते. बडेजाव, डामडौल, भपका, या शब्दांना बघणारे लागतात. एकट्याने खोलीत बसून बडेजाव करता येत नाही. तमाशाच्या फडात कलावंतांवर पैसे टाकतात त्याला दौलतजादा म्हणतात. तिथेही फडात बसलेले बाकीचे बघत असतात, हे त्यातलं अर्धं कारण. तुमचा भाऊ बिल देतो ते मित्रांपाशी पैसे नाहीत म्हणून, की टेबलावरून सगळ्यांच्या आधी पाकीट काढताना त्याला क्षणभर मोठं झाल्यासारखं वाटतं म्हणून? हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. कदाचित त्यालाही कुणी विचारलेलं नाही. तिसरी शक्यताही आहे, आणि मला तीच जास्त खरी वाटते. घरी गेल्यावर रिकामी खोली आहे, म्हणून माणसं जमवून ठेवायला तो बिल भरत असेल. असतील शितं तर जमतील भुतं, ही म्हण आपण भुतांना नावं ठेवायला वापरतो. शितं टाकणारा किती एकटा असेल, हे त्यात कुणी पाहत नाही.

जाता जाता एक सांगते, कारण ते मला बोचतं. हेच खर्च एखाद्या मुलीने केले असते तर ‘उधळी’ हा शब्द १४ महिने थांबला नसता. पुरुषाचा हात सुटला तर बराच काळ तो दिलदार असतो. बाईचा हात जरा सैल झाला की दुसऱ्याच दिवशी ती खर्चिक. तुमच्या भावाला हा शब्द उशिरा मिळाला. पण मिळाला तो एकदम चारचौघांत.

खुर्ची. ही हौस. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं आहे, आणि तीच अडचण आहे. मोल नाही म्हणून कुणी किंमत बघत नाही. तो कार्डावर ६०,००० बाकी असताना हौस करत होता, म्हणजे ऋण काढून सण, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. पण तुम्ही हेच शब्द वापरले असते, तेही रात्री, स्वयंपाकघरात, दोघंच असताना: ‘अरे, खुर्ची छान आहे, आईला आवडेल, पण पैसे कुठून आणलेस?’ तर आज तुमचा फोन उचलला गेला असता.

आणि ते ४०,००० रुपये. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. घराच्या अनामतीसाठी म्हणून घेतलेले पैसे सहलीत गेले असतील, तर त्याला उधळपट्टी म्हणणं फार मवाळ आहे. आपल्याकडे त्याला नेमकं नाव आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. ही म्हण खर्च किती झाला ते विचारतच नाही. पैसा कुणाचा होता, एवढंच विचारते. तुमची खरी तक्रार ही होती. ती करायचा तुम्हाला हक्कही होता. पण ती तुम्ही केलीच नाहीत! नातेवाइकांसमोर बाबांच्या पैशाबद्दल बोललात. तुमच्या पैशाचं नावसुद्धा काढलं नाहीत. थोरल्या बहिणींना ही सवय असते. स्वतःचं दुखणं सांगायचं झालं तरी आईबाबांच्या नावाने सांगायचं. या वेळी तसं करू नका. आणि सांगण्याआधी एवढं मात्र विचारा, की अनामत भरली का? भरली असेल आणि सहल कार्डावर झाली असेल, तर ही म्हण तुम्हालाही मागे घ्यावी लागेल.

राहिलं कार्ड. इथे मात्र सगळे सौम्य शब्द मी बाजूला ठेवते. लगाम नाही तो बेलगाम, शुमार नाही ते बेसुमार, फाम म्हणजे भान नाही तो बेफाम. फारसीतून आलेला हा ‘बे’ मला उपयोगाचा वाटतो, कारण तो माणसाला नाव ठेवत नाही, काय नाही ते सांगतो. तुमच्या भावाच्या कार्डाला ‘बेसुमार’ हा शब्द अक्षरशः लागू आहे. शुमार म्हणजे मोजदाद, आणि तीच तिथे झालेली नाही. लगाम दुसऱ्याला घालावा लागतो. मोजदाद माणूस स्वतः करू शकतो, कुणी शेजारी बसलं तर लवकर करतो.

आकडे असे. आपल्याकडे कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साधारण ३ ते ३.७५ टक्के व्याज लागतं. ३.५ धरलं तर वर्षाला ४२ टक्के. ६०,००० वर एका महिन्याचं व्याज २,१०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये, एकूण २,४७८. मिनिमम रक्कम बहुधा बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ३,०००. ती इमानेइतबारे भरली तर मुद्दल कमी होतं फक्त ५२२ रुपयांनी. त्याशिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत जाते आणि खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. हे त्याला बहुतेक माहीत नाही. महिन्याच्या महिन्याला भरतोय म्हणजे फिटतंय, असंच त्याला वाटत असणार. कितीतरी शिकलेल्या लोकांना असंच वाटतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला मिळून सोळा आणे, म्हणजे पूर्ण रुपया होतो. १९५७ साली दशमान पैसे आले, आणे गेले, पण म्हण राहिली. त्यात मसाला कोंबडीच्या तिप्पट आहे. मिनिमम भरत राहिलं तर इथे तो तिपटीच्याही पुढे जातो.

काय करायचं ते सरळ आहे. कार्ड बाकी शून्य होईपर्यंत वापरायचं नाही. बँकेला विचारून ती रक्कम ठरावीक मासिक हप्त्यांत बदलून घ्यायची, किंवा पगारावर मिळणारं वैयक्तिक कर्ज काढून कार्ड एकदम फेडायचं. त्याचं व्याज बहुतेक वेळा कार्डाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. त्याच्या वतीने तुम्ही पैसे भरू नका. भरलेत तर मोजदाद पुन्हा तुमच्याकडे येईल आणि त्याच्या हातात फक्त उपकार उरेल. आणि त्याच्या नावाचं बिल तुम्ही उघडलंत, हे त्याला सांगा. ते लपवून त्याच्या हिशेबाबद्दल बोलता येणार नाही.

अंथरूण पाहून पाय पसर, असं मात्र त्याला सांगू नका. ती म्हण चुकीची नाही, पण ज्याचं अंथरूणच चौदा महिन्यांपूर्वी कुणीतरी खालून ओढून घेतलंय, त्याच्या कानाला ती बोचते.

एका बाबतीत सावध राहा. खर्चाबरोबर झोप एकदम कमी झाली असेल आणि तरी थकवा वाटत नसेल, बोलण्याचा वेग वाढला असेल, डोक्यात मोठमोठ्या योजना येत असतील, तर तो उन्मादाचा आजार असू शकतो, आणि हातचं राखून न ठेवता खर्च करणं हे त्याचं एक ओळखीचं लक्षण आहे. त्याला मनोविकारतज्ज्ञ लागतो, बहीण पुरत नाही. तसंच एक कर्ज फेडायला दुसरं घेणं, वस्तू आल्या की लपवून ठेवणं, फोनवर जुगार खेळणं, यांतलं काही दिसलं तरी थांबू नका. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चालते. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी घाबरवत नाहीये. पण तुम्ही दोन महिने त्याला पाहिलेलं नाही, हेही खरं.

माफी कशी मागायची हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. फोन तो उचलत नाही, म्हणून लिहा. लांब लिहू नका. माफीत ‘पण’ घालू नका, आणि पैशाचा विषय त्याच संदेशात काढू नका. तो पुढच्या भेटीत, वेगळ्या दिवशी. मी असं लिहिलं असतं:

‘सगळ्यांसमोर मी तुला उधळ्या म्हणाले. तो शब्द तुला लावायला नको होता, आणि त्या दिवशी तर नकोच होता. खुर्ची तू आईसाठी आणलीस हे मला तेव्हाही दिसत होतं. मला बाबांची आठवण येते आणि मग मी सगळं घट्ट धरून बसते. तुझं काय होतं ते मला कधी तरी सांग. घाई नाही.’

शब्द तुमचे घाला. बहिणीचा आवाज त्याला कुठल्याही सदरलेखिकेपेक्षा चांगला ओळखता येतो. त्याने उत्तर दिलं नाही तर आठवडाभराने साधं काहीतरी पाठवा, आईचा फोटो, घरातली बातमी. पुन्हा माफी नको. आणि तुम्ही चारचौघांत बोललात, तेव्हा त्या चौघांतल्या निदान एकाला, काकांना किंवा आत्याला, स्वतः फोन करून सांगा की मी त्या दिवशी चुकीचं बोलले. शिक्का जिथे बसला तिथे जाऊनच तो पुसावा लागतो, आणि हे तुम्ही केलंत ते त्याच्या कानावर जाणारच.

तुम्ही भेटाल तेव्हा पैशाच्या बोलण्यासाठी एक शब्द सोबत देते. ‘अनाठायी’. ठाय म्हणजे जागा. अनाठायी खर्च म्हणजे जागा चुकलेला खर्च. तो करणारा वाईट ठरत नाही, खर्चही मुळात वाईट ठरत नाही, फक्त तो नको तिथे जाऊन बसलेला असतो आणि उचलून योग्य जागी ठेवता येतो. दोघं मिळून गेल्या तीन महिन्यांचे खर्च कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे विचारा, हा ठायी की अनाठायी? ठरवू द्या त्याला. तुमच्या चुकून गप्प बसलेल्या खर्चांची, म्हणजे जे करायला हवे होते आणि तुम्ही हात आखडता घेतलात त्यांचीही एक यादी त्याच कागदाच्या मागे करा. ती त्याला वाचायला द्या.

जुन्या मराठीत खर्चाला ‘वेच’ म्हणत. तुकोबांच्या ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी’ या ओळीत तो आहे. उदास म्हणजे इथे दुःखी नव्हे, अलिप्त. आज वेचणे म्हटलं की आपल्याला फुलं वेचणं आठवतं, खाली वाकून एकेक उचलणं. आणि तरीही ‘मुलांसाठी आयुष्य वेचलं’ असं आपण म्हणतोच. देणं आणि उचलणं एकाच शब्दात. तुमचे बाबा असे वेचत गेले. ते पै पै करून जमवत होते तेव्हा त्यांनी तुम्हा दोघांवर काय काय वेचलं, हे तुमच्या भावाला नऊ वर्षं कमी माहीत आहे. त्याचा जन्म झाला तेव्हाचे बाबा फक्त तुम्हालाच आठवतात. त्याच्याशी पैशांबद्दल बोलण्याआधी त्याला ते सांगा. हिशेब म्हणून नको, गोष्ट म्हणून.

खुर्चीवरचं प्लॅस्टिक मात्र आज काढा. आई तुमच्या शब्दासाठी थांबली आहे, तुम्ही म्हणाल तेव्हाच ती त्या खुर्चीत बसेल. कडेची चिकटपट्टी नखाने सोडवा, आईला हात धरून बसवा, पाय वर घ्यायचा दांडा कुठे आहे ते दाखवा. त्यासाठी त्याच्या फोनची वाट बघायला नको.